देव आजारी रजेवर

दारावर कुणीतरी टकटक केली असं समजून मी उठलो आणि वर्गाचं दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. लांबलचक कॉरिडॉर, त्याच्या टोकाला कॉफीचं मशीन आणि मशीनपाशी एक माणूस, ज्याचा आमच्याशी काही संबंध नव्हता. मी मागे वळून म्हणालो, "कोणी नाहीये," आणि तेही अशा जबाबदार आवाजात, की मला जणू दारावरच नेमलंय. आतली अकरा माणसं माझ्याकडे बघत होती. त्यांची बोटं अजून बाकांवर वाकलेली होती. जर्मनीत व्याख्यान आवडलं की टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाक ठोकतात. हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही, मी तोवर दोन वर्षं त्या देशात काढली होती. पण आमच्या मशीन डिझाइनच्या वर्गात तीनशे मुलं एकदम ठोकायची, तेव्हा गारा पडल्यासारखं वाटायचं. अकरा जणांनी ठोकलं की शेजारीण विरजण मागायला आल्यासारखं वाटतं. शिकवणाऱ्या बाई, फ्राउ डॉक्टर हेलविग, पन्नाशीच्या, केस कापसासारखे पांढरे, त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या नावापुढे वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला कधीच कळलं नाही. चांगलं नसावं.

माणूस अठराव्या वर्षी सज्ञान होतो तो मतदानापुरता. मी मोठा झालो तो सत्ताविसाव्या वर्षी, कार्ल्सरूहेला, एका सहामाहीत. आता पन्नाशी उलटल्यावर मुलांना हे सांगायला जातो तर ती कानातले हेडफोन न काढता "जा, जा" म्हणतात. हे 'जा' म्हणजे जर्मन 'हो', पण स्वर आपल्याकडच्या 'जा'चाच असतो. म्हणून लिहून ठेवतोय.

तर प्रकरण असं. इंजिनिअरिंगची पदवी देण्याआधी आमचं विद्यापीठ एक अट घालायचं: एक तरी विषय तांत्रिक नसलेला घ्या, म्हणजे तुम्ही माणूस आहात याचा काही पुरावा राहील. मी बाकी सगळे विषय संपवले, प्रबंध दिला आणि हा माणूसपणाचा पुरावा शेवटापर्यंत राहू दिला, फराळाच्या ताटात कडबोळं राहतं तसा. यादीत तीन गोष्टी शिल्लक होत्या. तर्कशास्त्र, ज्यात परीक्षा होती. जर्मन कायद्याची ओळख, ज्यात परीक्षा होती आणि जर्मन कायदाही होता. तिसरी, मंगळवारी दुपारी, 'युरोपीय रंगभूमीचा इतिहास: प्राचीन काळापासून रेनेसाँपर्यंत'. परीक्षा नाही. मी म्हटलं, नाटक. मराठी माणसाला नाटक कोण शिकवणार.

या आत्मविश्वासाला आधार फार नव्हता. शाळेच्या गॅदरिंगला मी एकदा भालदार झालो होतो. "महाराज, दूत आला आहे" एवढं एकच वाक्य होतं, आणि ते मी दूत येऊन, बोलून, परत गेल्यावर म्हटलं. पण लग्नाच्या वेळी माझ्या बायोडेटात 'छंद: वाचन, ट्रेकिंग, नाटक' असं होतं, कारण सगळ्यांच्याच असतं. आणि बायकोचे, म्हणजे माधवीचे वडील, अण्णा, पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं नोकरी करून खात्याच्या नाट्यस्पर्धेत सहा वेळा उभे राहिलेले. कांदेपोह्यांच्या वेळी त्यांनी पगार विचारला नाही, जर्मनीत घर भाड्याचं की कसं विचारलं नाही. "नाटकाची आवड आहे म्हणता?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "प्रचंड."

माधवी लग्नानंतर चार महिन्यांनी आली तेव्हा गणित साधं होतं. नेकारसुल्मच्या मोटारींच्या कारखान्यात मला नोकरी ठरली होती. पहिल्या तारखेला रुजू व्हायचं, पण हातात पदवीचं प्रमाणपत्र हवं. प्रमाणपत्रासाठी सगळ्या विषयांचे शाइन हवेत. शाइन म्हणजे पास झाल्याचा कागद. जर्मनीत माणसाला कागदाशिवाय ताप येऊ शकत नाही, तर पदवी कुठून मिळणार. शाइन नाही तर प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्र नाही तर नोकरी नाही, नोकरी नाही तर विद्यार्थ्याचा व्हिसा संपताच आम्ही दोघं पुण्याच्या विमानात. आणि हे सगळं आता एका बाईंच्या हातात होतं, ज्यांच्या देखत मी रिकाम्या कॉरिडॉरला दार उघडून दिलं होतं. "एक किरकोळ विषय राहिलाय" असं मी सासरी सांगितलेलं. किरकोळ म्हणजे काय हे अण्णा तीन महिन्यांच्या व्हिसावर लेकीचा संसार बघायला आले तेव्हा त्यांना कळलं, आणि माझ्या भीतीच्या उलट, त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे शिरीषराव, तुमची नोकरी नाटकावर अवलंबून आहे," ते म्हणाले. "अशी वेळ आमच्यावर कधी आली नाही हो."

आम्ही फ्राउ बॉयर्लं यांच्या घराच्या तळमजल्यावर राहायचो. एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि दोहोंच्या मधे एक दार, जे पूर्ण उघडलं की फ्रिजला लागायचं. बाई वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या आणि जिन्यात एक हाउसओर्डनुंग लटकवलेलं होतं, घराच्या नियमांचा कागद. दुपारी एक ते तीन शांतता. रविवारी दिवसभर शांतता. जिना आठवड्याआड झाडायचा, झाडलेला दिसला पाहिजे. पण फोडणीविरुद्ध त्यात काही नव्हतं, कारण कागद लिहिताना कुणाला फोडणी सुचली नव्हती. अण्णा आले ते बॅगेत भाजणी, मेतकूट आणि आंबोशी घेऊन, आणि आठवड्याभरात आमच्या जिन्याला थालीपिठाचा वास चिकटला तो आम्ही घर सोडेपर्यंत गेला नाही. माधवीनं जर्मन क्वार्कचं श्रीखंड करायला सुरुवात केली होती. चक्का टांगायचा त्रास नाही, डबा उघडायचा, साखर, वेलची, जायफळ, झालं. एक वाटी वर पाठवली. बाईंनी वाटी धुऊन, पुसून, त्यात कांद्याच्या केकचा तुकडा घालून परत केली. रिकामी वाटी परत करायची नाही हे त्यांना कुणी शिकवलं, मला आजवर कळलेलं नाही. अण्णा म्हणाले, "बाई आपल्यातल्याच आहेत, नुसता घसा वेगळा आहे."

इकडे मंगळवारी मी रंगभूमीचा इतिहास शिकत होतो. वर्गातले बाराही जण इंजिनिअर, माझ्यासारखेच शेवटच्या कागदासाठी आलेले, आणि अकरा जर्मनांनी ग्रीक नाटकाशी जे केलं ते ग्रीकांना पाहवलं नसतं. बाई सांगत होत्या, की डोंगरउतारावर हजारो माणसं बसायची, नट मुखवटे घालायचे, कोरस नावाचा नागरिकांचा घोळका एका सुरात बोलायचा. मला तो आमच्या हाउसिंग सोसायटीच्या मीटिंगसारखा वाटला, फक्त एका सुरात हा भाग सोडून. मग बाई म्हणाल्या, शेवटी गुंता सुटेनासा झाला की देवाला क्रेननं वरून खाली सोडायचे. झालं. टोर्स्टेन नावाचा मेकॅनिकलचा मुलगा, अंगानं आडवा, आवाजानं बारीक, त्यानं विचारलं, क्रेनचा हात किती लांब होता? प्रतिवजन कुठे असायचं? पुढचे दोन मंगळवार देव हवेतच लटकले. माणसाच्या नशिबावर, दैवावर बाई तिसऱ्या मंगळवारी आल्या, तेव्हा वर्गाचा उत्साह ओसरला होता. रोमन लोकांचं मला पटलं: प्रेक्षक नाटक अर्ध्यात टाकून शेजारी दोरीवर चालणारा बघायला जायचे म्हणे. हे मी समजू शकत होतो. मग चर्चनं नाटकावर बंदी घातली, आणि काही शतकांनी स्वतःच वेदीपुढे नाटक सुरू केलं. ते पायऱ्या उतरून अंगणात आलं, अंगणातून बाजारात, आणि तिथे गावातल्या कारागिरांच्या संघांनी उचललं. सुतारांनी एक प्रवेश करायचा, बेकरीवाल्यांनी दुसरा. एका टोकाला स्वर्ग, दुसऱ्या टोकाला नरकाचं जबडा उघडणारं तोंड, मधे माणूस. सगळ्यात जास्त गर्दी नरकापाशी, असं बाई म्हणाल्या, कारण धूर आणि भांड्यांचा आवाज तिथेच व्हायचा. घरी येऊन मी हे सगळं सांगायचो. अण्णा खुर्चीत मांडी घालून ऐकायचे आणि मान डोलवायचे, जसं काही युरोपनं खात्याच्या स्पर्धेतून बरंच घेतलंय.

परीक्षा नव्हती, हे खरं. त्याऐवजी शेवटी प्रयोग होता. हे यादीत बारीक अक्षरांत लिहिलेलं, आणि बारीक अक्षरं वाचायची सवय मला जर्मनीनं पुढे लावली. वर्गाचे गट पाडले. आमच्या गटाला मध्ययुग आलं. पॅरिश हॉलमध्ये, म्हणजे चर्चच्या सभागृहात, लोकांसमोर, पंधरा मिनिटांचा प्रवेश, त्यानंतर लगेच तिथेच चर्चा, आणि चर्चेअंती शाइन मिळणार की नाही ते ठरणार. आम्ही तिघं: टोर्स्टेन, कात्रिन नावाची शांत मुलगी, आणि मी. प्रवेश आम्हीच रचला. पावात कमी पीठ घालणारा एक बेकरीवाला मरतो. सैतान येतो, म्हणतो हा माझा. देव निवाडा करतो आणि सैतानाला हाकलतो. कात्रिन बेकरीवाल्याचा आत्मा झाली. टोर्स्टेनला देव केलं, कारण स्वर्ग म्हणून ठेवलेल्या शिडीवर त्यालाच बसायचं होतं, शिडी त्यानं स्वतः तपासली होती. उरलो मी. बाई म्हणाल्या, "हेर आठल्ये, तुमच्याकडे जिवंत लोकपरंपरा आहे, तुम्हाला सैतान सोपा जाईल." आठल्ये हे नाव त्या अशा उच्चारायच्या की मी कुठल्याशा थंड बेटावरून आलोय. मी "गेनाऊ" म्हटलं. गेनाऊ म्हणजे 'अगदी बरोबर', आणि परक्या मुलखात समजलं नाही की म्हणायचा हा एकमेव शब्द.

बाईंना आधी कल्पना लिहून द्यायची होती. आम्ही लिहिलं, आणि त्यातल्या एका वाक्याखाली त्यांनी लाल रेघ मारून 'हाच मुद्दा' असं लिहिलं: सैतान देवासमोर वाकत नाही, त्याच्या तोंडावर हसतो. सगळं मध्ययुग त्या हसण्यात आहे, असं त्या म्हणाल्या. म्हणून मला हसायला शिकावं लागलं.

तालीम घरी व्हायची. स्वयंपाकघर नरक, कारण धूर तिथे होता. खिडकीपाशी अण्णांची खुर्ची, तो स्वर्ग. देवाची तीन वाक्यं आधी माधवी वाचायची, तिच्या जर्मनच्या क्लाससाठी उच्चाराचा सराव म्हणून. दोन दिवसांत अण्णा म्हणाले, "बाळ, देव असा पुस्तकात बघून बोलत नाही," आणि तिच्याकडून वाक्यं देवनागरीत लिहून घेतली. तिसऱ्या दिवशी पाठ. अर्थ विचारला नाही. "अर्थ काय करायचाय," ते म्हणाले, "अर्थ प्रेक्षकांच्या भाषेत आहे, माझ्याकडे आवाज आहे." आणि त्यांची एक अट होती, जी त्यांनी पस्तीस वर्षं पाळली होती. "शिरीषराव, एंट्रीच्या आधी रंगभूमीला आणि थोरांना नमस्कार. आमच्याकडे कार्यकारी अभियंतासुद्धा शिपायाच्या पाया पडून मग स्टेजवर जायचा, शिपाई वयानं मोठा असेल तर. नमस्कार नाही तर तालीम नाही."

मग तालीम अशी व्हायची. मी स्वयंपाकघराचं दार फ्रिजला आपटून बाहेर यायचो. अण्णांच्या पाया पडायचो. ते पाय किंचित पुढे करून "औक्षवंत व्हा" म्हणायचे. मी सरळ व्हायचो आणि त्यांच्या तोंडावर खदखदा हसायचो. तीन आठवडे, दिवसाला चार वेळा. एकदा हसून झाल्यावर दारावर टकटक झाली, आणि या वेळी खरोखर कुणीतरी होतं. फ्राउ बॉयर्लं. त्यांनी घड्याळ दाखवलं. "हसायला हरकत नाही," त्या म्हणाल्या, "पण एकच्या आत, किंवा तीनच्या नंतर. रविवारी नको." माधवीनं त्यांना समजावून सांगितलं की हे नाटक आहे, हा सैतान आहे, खुर्चीत देव आहे. बाईंनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी हात जोडले. बाईंनी किंचित मान लववली, मला वाटतं सावधगिरी म्हणून.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी टोर्स्टेनचा मेल आला. त्याला सर्दी झाली होती, सोबत डॉक्टरांचं पत्र जोडलं होतं. देवाला डॉक्टरांनी तीन दिवसांची आजारपणाची रजा लिहून दिली होती. आपल्याकडे माणूस ताप असताना एंट्री घेतो आणि लोक वर्षानुवर्षं त्याचं कौतुक करतात. जर्मनीत तसं केलं तर लोक त्याला बेजबाबदार म्हणतील, आणि पहिल्या रांगेतले सरकून बसतील. कोण बरोबर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आता मीही शिंक आली की डॉक्टरांकडे जातो. मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, देवाशिवाय निवाडा होत नाही, निवाड्याशिवाय प्रवेश नाही, आणि पुढची संधी पुढच्या सहामाहीत. पुढच्या सहामाहीत नेकारसुल्मला माझ्या खुर्चीत दुसराच कुणी बसलेला असणार होता. मी फोन ठेवला आणि पलंगाच्या कडेवर बसलो. मागे वळून पाहिलं तर अण्णा धोतर सोडून इस्त्रीची पँट घालत होते.

"तीनच वाक्यं आहेत ना," ते म्हणाले. "चला."

पॅरिश हॉलमध्ये साठेक माणसं होती. आमच्या गटानं नरकाचं तोंड फार निगुतीनं बनवलं होतं: कार्डबोर्डचा जबडा, सायकलच्या ब्रेकच्या वायरनं उघडणारा, त्याचं ड्रॉइंगही कॉम्प्युटरवर केलेलं. धूर मात्र नव्हता, धुरासाठी एक अर्ज असतो आणि तो सहा आठवडे आधी द्यायचा असतो. त्याऐवजी माधवी जबड्यामागे बसून आमचा कुकर आणि दोन थाळ्या वाजवत होती. शिडीवर, माधवीच्या पांढऱ्या चादरीत, कापसाच्या दाढीत अण्णा बसले होते. मी आतून फटीतून त्यांना पाहिलं. ते सभागृह बघत होते. खात्याच्या स्पर्धेत सहा वेळा उभा राहून एकदाही पहिला न आलेला माणूस परक्या देशात, परक्या भाषेत, परक्यांचा देव होऊन बसला होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. मी शिंगं तिसऱ्यांदा चाचपली.

कात्रिन मेली. थाळ्या वाजल्या. वायर ओढली, जबडा उघडला, आणि मी बाहेर आलो. शिंगं, लाल तोंड, मागे दोरीची शेपटी. शिडीपर्यंत चार पावलं. समोर अण्णांचे पाय. आणि तीन आठवड्यांत दिवसाला चार वेळा जे झालं होतं तेच झालं. मी वाकलो आणि देवाच्या पाया पडलो. व्यवस्थित, दोन्ही हातांनी. देवानं पाय किंचित पुढे केला, उजवा हात माझ्या शिंगांच्या मधे ठेवला, आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाला, "औक्षवंत व्हा."

सैतानाला दीर्घायुष्याचा आशीर्वाद मिळाला होता. मी काय करून बसलो ते मला तेव्हा कळलं. मी सरळ व्हायला गेलो तर एक शिंग चादरीत अडकलं. अण्णांनी ते शांतपणे सोडवलं, मुलाच्या शर्टाची कॉलर नीट करतात तसं. मग मला हसायचं होतं. जो आवाज निघाला तो आंबोशी घशात अडकल्यासारखा होता. अण्णांनी देवाची पहिली दोन वाक्यं म्हटली, स्पष्ट, एकही अक्षर न चुकता, आणि तिसरं, 'हिनवेक', म्हणजे चालता हो, इतक्या मायेनं म्हटलं की मी निघालो. पण थोरांकडे पाठ करून कसं जायचं. मी उलट्या पावलांनी नरकात गेलो. जबड्यामागे माधवी थाळी हातात घेऊन बसली होती, वाजवायचं विसरून. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मग चर्चा. जर्मनीत प्रयोग संपला की खरा प्रयोग सुरू होतो. खुर्च्या गोल मांडल्या, पाण्याच्या बाटल्या आल्या. फ्राउ डॉक्टर हेलविग यांनी आमचा लाल रेघेचा कागद काढला. "हेर आठल्ये," त्या म्हणाल्या, "तुम्ही लिहिलं होतं की सैतान वाकत नाही. आज तो पाया पडला, आणि पाठ न दाखवता गेला. हे तुम्ही विचारपूर्वक केलं का? कारण विचारपूर्वक नसेल, तर ज्या एका मुद्द्यावर मी गुण देणार होते, तोच चुकलाय."

मी म्हणालो, "आल्झो." हा शब्द म्हणजे 'तर मग', आणि तो म्हटला की बोलणारा विचार करतोय असं जर्मन लोक धरतात. मग मी चार मिनिटं बोललो. सैतान हीसुद्धा देवाचीच निर्मिती आहे. बंडखोराच्या आतही एक भक्त असतो. आमच्याकडे पौर्वात्य दृष्टिकोनात विरोध आणि शरणागती वेगळ्या नाहीत. उलटी पावलं म्हणजे काळाचं उलटं फिरणं. मला स्वतःला हे पटत चाललं होतं. काही जण मान डोलावू लागले, एकानं टिपून घेतलं. मला नेकारसुल्मचं फाटक उघडताना दिसत होतं.

बाईंनी ऐकून घेतलं. मग त्या अण्णांकडे वळल्या, जे दाढी काढून, मांडीवर ठेवून, पाणी पीत बसले होते. "आणि देव काय म्हणाला? ती भाषा मला कळली नाही." माधवीनं प्रश्न वडिलांना सांगितला. अण्णा म्हणाले, "अगं, त्यात म्हणायचं काय? जावई पाया पडले, मी आशीर्वाद दिला. ते एंट्रीच्या आधी करायचं होतं, गडबडीत राहून गेलं असेल. सांग त्यांना."

मी माधवीकडे पाहिलं. डोळ्यांनी जे काही सांगता येतं ते सगळं सांगितलं. माझी नोकरी, तिचा व्हिसा, तळमजल्याची खोली, सगळं त्या एका भाषांतरात होतं. तिचा जर्मनचा क्लास जेमतेम तिसऱ्या पुस्तकावर आला होता, लांब वाक्यं तिला यायची नाहीत. ती उभी राहिली, क्लासमध्ये राहतात तशी.

"हे माझे वडील," ती म्हणाली. "हा माझा नवरा. माझा नवरा विसरला की तो सैतान आहे."

सभागृह हसलं. इतकं, की एका बाईंना डोळे पुसावे लागले. फक्त दोन माणसं हसली नाहीत, मी आणि फ्राउ डॉक्टर हेलविग. बाईंनी कागदाची घडी घातली.

"त्या काळी बाजारात देव व्हायचा तो गावातला बेकरीवाला असायचा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना माहीत असायचं. तो देव असतानाही बेकरीवालाच असायचा, कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी सासरा. तेरा आठवडे मी हे तुम्हाला समजावून सांगत होते आणि तुम्ही मला क्रेनबद्दल विचारत होतात. आज पहिल्यांदा ते मला दिसलं." मग माझ्याकडे वळून, "तुमच्या त्या चार मिनिटांसाठी मी तुम्हाला नापास केलं असतं. तुमच्या पत्नीच्या तीन वाक्यांसाठी पास करते." जर्मनीत एक म्हणजे उत्तम आणि चार म्हणजे काठावर. मला चार मिळाले. मिनिटामागे एक, असं मी धरून चाललो.

ट्राममध्ये अण्णा आमच्या पुढच्या सीटवर बसले होते, चादरीची घडी मांडीवर, खिडकीतून बाहेर बघत. मधेच वळून म्हणाले, "शिरीषराव, ते 'हिनवेक' जरा मवाळ झालं का हो?" मी म्हटलं, "नाही अण्णा, बरोबर होतं." ते समाधानानं पुन्हा वळले. शाइनचा कागद माझ्या खिशात होता आणि मी दर दोन स्टॉपांनी तो चाचपत होतो. मी माधवीला हळूच म्हटलं, "एवढं खरं बोलायची काय गरज होती? बाईंचा मूड जरा वेगळा असता तर नोकरी गेली असती, व्हिसा गेला असता, सगळं गेलं असतं."

तिनं थाळ्यांची पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

"गेलं असतं तर पुण्याला परत गेलो असतो," ती म्हणाली. "गाड्या तिथेही बनतात. पण तुझी ती चार मिनिटं त्यांना पटली असती ना, तर तू जन्मभर मला रंगभूमी समजावून सांगत बसला असतास."